डिझाइनच्या कोर्सला स्वतःची ओळख करून देताना: फॉर्मपासून पहिल्या दिवसापर्यंत

‘मी एक पॅशनेट आणि क्रिएटिव्ह व्यक्ती असून मला लहानपणापासूनच चित्रकलेची आवड आहे. नवनवीन गोष्टी शिकायला मला आवडतं. आपल्याकडे संधी मिळाल्यास मी त्या संधीचं सोनं करेन.’

जूनमधल्या एका रात्री साडेदहाला डोंबिवलीच्या एका मुलीने हा मजकूर मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘ताई, बघता का जरा? उद्या रात्री बारापर्यंत भरायचं आहे.’ मुलगी बावीस वर्षांची. दादरला लग्नपत्रिकांच्या एका दुकानात दोन वर्षं बसते. गिऱ्हाइकाशी बोलण्यापासून छपाईला फाइल देण्यापर्यंत सगळं तीच करते. अर्ज होता शनिवार-रविवार चालणाऱ्या सहा महिन्यांच्या डिझाइन ट्रेनिंग प्रोग्रॅमचा.

मी फोन लावला. “अगं, दुकानाचं यात कुठेच नाही?”

“ते काय लिहायचं ताई? पत्रिकाच तर आहेत. वर गणपती, खाली कलश, मध्ये आमच्या येथे श्रीकृपेकरून.”

गेली काही वर्षं मी अशा अर्जांच्या गठ्ठ्यासमोर बसते. एका बैठकीला साठ-सत्तर अर्ज असतात, समोर चहा गार होत असतो, आणि निम्म्याहून जास्त जणांना लहानपणापासून चित्रकलेची आवड असते. पत्रिका केलेली माणसं त्या गठ्ठ्यात नक्की असतील, पण कुणी तसं लिहितच नाही. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी जे केलं ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. अर्जाला हातात दोन दिवस असले तरी पुरतील. एक रात्र असेल तर चौथी पायरी गाळा, दुसरी मात्र गाळू नका.

पहिली पायरी: ओळख कोण मागतंय ते बघा

डिझाइन शिकायच्या सगळ्या जागा एकाच कारणासाठी ओळख मागत नाहीत. पवईच्या आयआयटीतली आयडीसी ही डिझाइनची शाळा १९६९ पासून आहे. तिथे मास्टर्सला जायचं तर आधी सीईईडी ही परीक्षा द्यावी लागते, पदवीला यूसीईईडी. अप्लाइड आर्टच्या बीएफए या पदवीसाठी राज्याची एएसी सीईटी आहे. अशा ठिकाणी पहिली चाळणी पेपरची असते आणि तुम्ही कोण हे विचारलंच तर नंतर, मुलाखतीत विचारतात. तिथे आधी हात चालला पाहिजे, शब्द मागाहून.

छोट्या प्रोग्रॅमचं उलटं असतं. स्टुडिओंनी चालवलेले काही महिन्यांचे वर्ग, वीकएंडच्या कार्यशाळा, शिकत शिकत काम करायची ट्रेनीशिप. परीक्षा नसते, म्हणून दीडशे शब्दांची ओळख आणि पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा संच, यांवरच सगळं ठरतं. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

फॉर्म तीनदा वाचा. ‘स्वतःबद्दल सांगा’, ‘हा कोर्स का करायचा आहे’ आणि ‘तुमचं एक काम निवडून त्याबद्दल लिहा’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत. लोक तिन्हींना एकच परिच्छेद चिकटवतात. शब्दमर्यादा १५० असेल तर १५०च. १५१व्या शब्दाला ऑनलाइन फॉर्म कापतो आणि वाक्य अर्ध्यात लटकतं. तसे अर्ज मी पाहिले आहेत. भाषा कोणती हवी तेही बघा. सांगितलं नसेल आणि चालवणारे मराठी वाचणारे असतील तर मराठीत लिहा. इंग्रजीतच हवं असेल तरी पहिला खर्डा मराठीत करा. डोक्यात मराठी आणि कागदावर थेट इंग्रजी असं केलं की ते ‘पॅशनेट’ हमखास उगवतं.

फी, वेळ, शिकवणारे कोण आणि आधीच्या बॅचने काय काम केलं हे भरण्याआधीच विचारून घ्या. मागच्या मुलांचं काम दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याला आपली ओळख तरी कशाला द्यायची?

दुसरी पायरी: वही घ्या, लॅपटॉप नको

इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. साधी रेघांची वही घ्या आणि आजवर हाताखालून गेलेली वीस कामं लिहून काढा. पैसे मिळालेली, फुकट केलेली, कॉलेजची, सोसायटीच्या गणपतीचं बॅनर, भावाच्या जिमचा लोगो, सगळी. ‘हे काय काम झालं का’ असं ज्याच्याबद्दल वाटतं ते आधी लिहा.

मग प्रत्येकासमोर तीन गोष्टी. काय अडलं होतं? मी काय ठरवलं? नंतर काय झालं? ‘छान दिसत होतं’ हे तिन्हीपैकी कशाचंच उत्तर नाही.

त्या मुलीच्या वहीत पहिल्या फेरीत फार काही निघालं नाही. ‘पत्रिका, मरून रंग, फॉइल.’ ‘पत्रिका, दोन घड्या.’ म्हटलं, एक पत्रिका हातात घे आणि फोनवर मला वाचून दाखव. ती वाचायला लागली आणि हळूहळू दुकान समोर दिसायला लागलं. गिऱ्हाईक नावांची यादी आणतं ती फुलस्केपच्या दोन बाजूंना. आजोबा वारले असतील तर त्यांच्या नावाआधी ‘कै.’ आणि नाव सगळ्यात वर. एका काकांचं नाव दुसऱ्या काकांच्या खाली आलं म्हणून प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, परत. ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ यांच्यात एका टिंबाची चूक झाली तर आत्याबाईंचा फोन. ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ या ओळीखाली पाच पोरांची टोपणनावं, आणि त्यांतही मोठा कोण, धाकटा कोण. कार्डाची जागा तेवढीच, नावं मात्र वाढत जातात. शेवटी अक्षर बारीक होतं ते मुहूर्ताचं आणि हॉलच्या पत्त्याचं, कारण मुहूर्त आणि हॉल भांडायला येत नाहीत.

“मग तू काय करायचीस?” मी विचारलं.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मागच्या वर्षी बदललं थोडं. लोक पत्रिका घेऊन लग्नाला जात नाहीत ना ताई. आतल्या पानाचा फोटो काढतात फोनवर आणि निघतात. त्या फोटोत हॉल अर्धा कापलेला असतो. म्हणून मी उजव्या पानावर एक चौकट केली. मुहूर्त, हॉल, जवळचं स्टेशन, ईस्ट की वेस्ट. एका फोटोत बसेल एवढी.”

हे ती दोन वर्षांत कुणालाच बोलली नव्हती. दुकानाच्या मालकांनाही नाही, कारण त्यांच्या लेखी ते ‘सेटिंग’, म्हणजे नुसती अक्षरं लावणं.

वीस कामांतून असं काहीतरी असलेली तीन निवडा. एवढीच निघाली तरी भरपूर झालं.

तिसरी पायरी: दीडशे शब्द

सुरुवात नावाने करू नका, नाव फॉर्मवर आहे. जन्मगाव, दहावीचे टक्के, ‘मी एका मध्यमवर्गीय कुटुंबातून येते’ हेही नको. सुरुवात कामाने करा, तेही चालू असलेल्या. मग एक निरीक्षण, त्यावर घेतलेला निर्णय, जे अजून जमत नाही ते, आणि शेवटी या प्रोग्रॅमकडून नेमकं काय हवं. शेवटच्या दोन मुद्द्यांसाठी त्यांचा अभ्यासक्रम वाचलेला असावा लागतो. ‘तुमच्या नावाजलेल्या संस्थेत’ म्हणणारा तो वाचत नाही, हे आम्हाला लगेच कळतं.

दुसऱ्या दिवशी रात्री अकरा वाजता तिने जे पाठवलं ते तिच्या परवानगीने देते:

‘मी दादरमध्ये लग्नपत्रिकांच्या दुकानात दोन वर्षं काम करते. पहिल्या वर्षी मी फक्त बॉर्डर आणि गणपती बदलत राहिले. मग लक्षात आलं की पाहुणे पत्रिका घरीच ठेवतात आणि आतल्या पानाचा फोटो काढून निघतात. फोटोत नावं येतात, हॉलचा पत्ता कापला जातो. म्हणून मुहूर्त, हॉल, जवळचं स्टेशन आणि बाहेर पडायची बाजू मी एका चौकटीत आणली. काही गिऱ्हाइकांना ती आवडली. काहींनी काढायला लावली. पत्रिकेत स्टेशनचं नाव बरं दिसत नाही म्हणाले. मला त्यांचंही पटतं, आणि दोन्ही कसं साधायचं ते अजून सापडलेलं नाही. मला अक्षरं लावता येतात, पण ती वाचली जातात की नाही हे तपासायचं कसं ते येत नाही. तुमच्या अभ्यासक्रमातला माहितीच्या मांडणीचा भाग मला त्यासाठी हवा आहे. डिसेंबरात मावसभावाचं लग्न आहे. त्याची पत्रिका मीच करणार आहे, आणि ती आधी दहा जणांच्या हातात देऊन बघायची आहे.’

यात ‘क्रिएटिव्ह’ हा शब्द नाही. सॉफ्टवेअरची नावं नाहीत. गिऱ्हाइकाला अडाणी ठरवलेलं नाही, आणि ते मला सगळ्यात आवडलं. गिऱ्हाइकाची अक्कल काढणारे अर्ज वाचताना मनात येतं, हा उद्या वर्गात शेजाऱ्याच्या कामाबद्दल काय बोलेल?

‘अजून सापडलेलं नाही’ हे वाक्य ठेवायला ती तयार नव्हती. “कमीपणा नाही का दिसणार?” दिसू दे. ज्याला सगळं येतं त्याला शिकवायला जागा कशाला अडवायची?

घरची अडचण लिहावी का, हे मला नेहमी विचारतात. फी-सवलतीसाठी वेगळा रकाना असेल तर तिथे सरळ, आकड्यांत लिहा. ओळखीच्या दीडशे शब्दांत ती तेव्हाच आणा जेव्हा तिचा कामाशी संबंध असेल. घरी एकच खोली आहे म्हणून रात्री फोनवरच स्केच करायची सवय लागली, हे कामाचं बोलणं झालं. नुसती हळहळ वाटावी म्हणून लिहिलेलं वाचणाऱ्याला ओशाळं करतं, आणि ओशाळलेला माणूस पटकन पुढचा अर्ज उघडतो.

चॅटजीपीटीने लिहून घेतलेले अर्जही येतात. ओळखायला यंत्र लागत नाही. एका बैठकीत सलग चार जणांनी ‘सौंदर्य आणि उपयुक्तता यांचा सुरेख संगम’ साधलेला असतो. शुद्धलेखन तपासायला वापरा हवं तर. पण त्या यंत्राला तुमच्या आत्याबाईंचा फोन आलेला नसतो.

लिहून झालं की मोठ्याने वाचा, शक्यतो घरातल्या अशा माणसासमोर ज्याला डिझाइन म्हणजे काय हे माहीत नाही. आई जिथे “म्हणजे?” विचारेल तिथे खूण करा.

चौथी पायरी: आवडीची नावं

बऱ्याच फॉर्मवर ‘तुम्हाला कुणाचं काम आवडतं’ असा एक प्रश्न असतो. उत्तरात पाच परदेशी नावं येतात, दरवर्षी तीच. ती माणसं थोर आहेत, वाद नाही. पण तुम्ही त्यांचं काम डोळ्यांनी, हातात घेऊन पाहिलंय का?

घरात बघा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ‘कालनिर्णय’ असेल; १९७३ पासून निघतं. तारीख लांबून दिसते, तिथी जवळ गेल्यावर, आणि पान उलटलं की मागे वाचायला मजकूर. दूधवाल्याचा हिशेब तारखेच्या चौकटीत मावतो. हे कुणीतरी ठरवलेलं आहे. विंडोजच्या संगणकावर वर्षानुवर्षं दिसणारा ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशींनी केला. जाहिरातीत काम केलेले, कविता करणारे आणि आयडीसीत शिकवणारे जोशी. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने ‘मुक्ता’, ‘बलू’, ‘मोदक’ हे फॉन्ट केले आणि ते फुकट वापरता येतात. दुकानाच्या पाटीपासून फूड पॅकेटपर्यंत डोळ्यांखालून गेले असतील, नाव माहीत नसेल एवढंच. सीएसएमटीला रोज उतरत असाल तर एकदा मान वर करा. त्या दगडी पानाफुलांच्या आणि प्राण्यांच्या कोरीवकामात समोरच्याच आर्ट स्कूलच्या, म्हणजे १८५७ साली सुरू झालेल्या आजच्या जे.जे.च्या, विद्यार्थ्यांचा हात आहे. शिकाऊ मुलांचं काम, आणि रोज लाखो माणसं त्याच्याखालून जातात.

एकच नाव लिहा, पण त्याबद्दल तीन ओळी स्वतःच्या लिहा.

पाचवी पायरी: पोर्टफोलिओ

आठ ते दहा कामं पुरेत. सगळ्यात चांगलं पहिलं, त्याच्या खालोखालचं शेवटचं. वाचणारा मधली पानं पटापट सरकवतो, हे मी स्वतःवरून सांगते. निदान दोन कामांचा कच्चा प्रवास दाखवा. पेनने केलेली रेखाटनं, गिऱ्हाइकाने लाल पेनाने खुणा केलेलं प्रूफ, टाकून दिलेले पर्याय. त्या मुलीने काकांच्या नावांवर बाण काढून खालीवर केलेलं एक प्रूफ जसंच्या तसं स्कॅन करून घातलं. बैठकीत सगळे त्या पानावर थांबले असते, माझी खात्री आहे.

पण थांबा. पत्रिकेवर खऱ्या माणसांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर असतात. ते तसेच अर्जात पाठवू नका. नावं बदलून पुन्हा टाइप करा, स्कॅनवर असतील तर पूर्ण झाका. अर्धवट धूसर केलेला नंबर वाचता येतो. दुकानाचं काम असेल तर मालकांना विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. नाही म्हणाले तर त्याच धर्तीवर एक काम स्वतःसाठी करा आणि तसं लिहा. चार जणांनी मिळून केलेलं काम असेल तर तुमचा वाटा एका ओळीत सांगा: ‘मांडणी माझी, चित्रं मैत्रिणीची.’ मुंबईचं डिझाइनचं जग फार लहान आहे. ती मैत्रीणही कदाचित त्याच बॅचला अर्ज करत असेल.

कॉफीच्या मगवर, मॅनहॅटनमधल्या होर्डिंगवर लोगो चिकटवलेले तयार मॉकअप नकोत. त्यापेक्षा छापून आलेली खरी पत्रिका खिडकीच्या उजेडात फोनने काढा. फॉइल चमकतंय की नाही ते दिसतं, आणि घडीवर कागद तडकलाय तेही.

देवनागरीचं वेगळं सांगते, कारण इथे चांगल्या चांगल्या मुलांचे अर्ज घसरतात. पोर्टफोलिओच्या पहिल्याच पानावर ‘प्रशिक्षण’ या शब्दातली पहिली वेलांटी ‘श’च्या पुढे जाऊन बसलेली, ‘प्र’ फुटून ‘प्’ आणि ‘र’ वेगळे झालेले. सॉफ्टवेअरने अक्षरं जोडलेलीच नसतात. फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. जुन्या आवृत्तीत प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात त्याला मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं लिहिलेलं असतं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा. इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करा. दुकानात श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर असेल तर तो कॉपी करून मेलमध्ये टाकू नका. पलीकडे रोमन अक्षरांची खिचडी उघडते. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा, कंटाळा आला तरी.

दोन ओळींतलं अंतर रोमनपेक्षा जास्त ठेवा. वर रफार आणि मात्रा, खाली उकार. वरच्या ओळीचा ‘कू’ खालच्या ओळीच्या ‘र्मी’वर आदळतो. आणि ‘ल’, ‘श’ यांच्याकडे बघा. मराठीचा ‘ल’ पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा, असं राज्य सरकारच्या २००९ च्या वर्णमालेच्या शासन निर्णयात सांगितलं होतं. बऱ्याच फॉन्टांत आधी हिंदी वळणाची रूपं येतात. ज्यांत मराठी रूपं दिलेली असतात तिथे भाषा मराठी निवडली की ती दिसतात. पत्रिका, पाट्या, पुस्तकं करणाऱ्या मुलीने हे पाहिलेलं असलं की मला तिच्या पुढच्या दहा पानांबद्दल भरवसा वाटतो. कुणी म्हणेल, एवढंसं ते काय? असू दे, मी त्यावर गुण देते.

फाइल पीडीएफ, दहा एमबीच्या आत. जीमेलला जोडणीची मर्यादा २५ एमबी आहे म्हणून चोवीसची पाठवायची नसते, बघणारा कदाचित लोकलमध्ये फोनवर बघतोय. फाइलचं नाव स्वतःचं ठेवा. ‘फायनल-फायनल-२’ नावाच्या पाच फाइली एका फोल्डरमध्ये आल्या की त्यातली तुमची कोणती? ड्राइव्हची लिंक देत असाल तर ‘लिंक असलेल्या कुणालाही’ उघडता येईल असं करा आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. परवानगी मागणारं ते करडं पान आम्ही उघडतो, उसासा टाकतो आणि पुढे जातो. कुणीही परवानगी मागत बसत नाही.

व्हिडिओ मागितला असेल तर

एक मिनिट म्हणजे बोलायला साधारण शंभर-सव्वाशे शब्द. पाठ करू नका, तीन शब्द कागदावर लिहून फोनच्या मागे चिकटवा. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीला, खिडकी समोर. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा येतो. चाळीत किंवा इमारतीत दुपारी तीन ते चार ही त्यातल्या त्यात शांत वेळ. कुकरची शिट्टी आली तर मुद्दाम पुन्हा रेकॉर्ड करू नका, हसून पुढे बोला. हातात एक काम धरा. नुसत्या चेहऱ्यापेक्षा पत्रिका उलगडणारे हात बघायला बरे वाटतात, शिवाय हात कुठे ठेवायचे हा प्रश्नही सुटतो.

सहावी पायरी: मुलाखत

आधी पोचण्याचं. मुलाखत रविवारी असेल तर शनिवारीच मेगाब्लॉक बघून ठेवा. पवईला जायचं तर कांजूरमार्गला उतरून पुढे रिक्षा किंवा बस, आणि तिथला ट्रॅफिक धरून चाला. जुलैत असेल तर काम प्लास्टिकमध्ये, मग बॅगेत, आणि बॅग पुन्हा प्लास्टिकमध्ये.

हे मी अनुभवावरून सांगते. माझ्या पहिल्या मुलाखतीला मी पोस्टर कलरची चार बोर्डं नुसत्या कापडी पिशवीत घेऊन निघाले होते. स्टेशन ते गेट एवढ्यात दोन बोर्डं वाहून गेली, निळा पिवळ्यात उतरला. आत गेल्यावर मी पाच मिनिटं पावसाबद्दल बोलले. समोरच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “बरं, आधी इथे निळा का होता?” मला सांगता येईना. बोर्ड भिजलं नसतं तरी सांगता आलं नसतं, हे मला घरी येताना ठाण्याच्या पुढे कधीतरी कळलं. प्रवेश मिळाला नाही.

तर प्रश्न तोच येतो, वेगवेगळ्या कपड्यांत: हे असं का? आदल्या रात्री मैत्रिणीला समोर बसवा आणि प्रत्येक पानावर तिला तेवढंच विचारायला सांगा. “हा मरून का?” “गिऱ्हाइकाला हवा होता” हे खरं उत्तर आहे आणि चालतं, पण त्याच्यापुढे एक वाक्य हवं. “हवा होता, पण त्यावर सोनेरी बारीक अक्षर वाचता येईना, म्हणून मी जाडी वाढवली.” माहीत नसेल तर ‘विचार केला नव्हता’ म्हणा आणि तिथेच करा. उत्तर यायला दहा सेकंद लागली तरी कुणी दार दाखवत नाही.

भाषेची धास्ती घेऊ नका. मुंबईत अशा खोल्यांत मराठी-हिंदी-इंग्रजीची मिसळ चालते. अडलात तर मराठीत सांगा, निदान एक जण तरी समजून घेणारा असतोच. समोरच्यांना सर, मॅडम म्हणा. स्टुडिओची माणसं ‘नुसतं नाव घे’ म्हणाली तर घ्या. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे?’ असं येतं, तेव्हा ‘नाही’ म्हणू नका. “मागच्या बॅचला सगळ्यात जड काय गेलं?” हा माझा आवडता प्रश्न, शिकवणारे खुलतात.

उत्तर आलं नाही तर सांगितलेल्या तारखेनंतर आठवडाभराने एक मेल, दोन ओळींचा. फोन नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नचिन्हं नाहीत. नकार आला तर कारण विचारायला हरकत नाही, वाद घालायला आहे.

सातवी पायरी: पहिला दिवस, गोल करून बसल्यावर

ती मुलगी निवडली गेली. पहिल्या शनिवारी सकाळी खुर्च्या गोल मांडलेल्या असतात आणि कुणीतरी म्हणतं, चला, सगळ्यांनी आपापली ओळख करून द्या. अर्जात लिहिलेलं इथे पुन्हा म्हणायचं नसतं. अर्ज निवडणाऱ्यांसाठी होता. हे गोलातले लोक सहा महिने शेजारी बसणार आहेत. नाव, कुठून येता, सध्या हातात काय आहे, आणि इतरांना तुमच्याकडून काय मिळू शकेल असं काहीतरी. तीस सेकंद खूप झाली. तुमच्या आधीचा कितीही झकास बोलला तरी आपलं वाक्य ऐनवेळी बदलू नका. इतरांची ओळख ऐका. नंबर आला की काय बोलायचं हे घोकण्यात आधीची सहा नावं निसटतात. मी वहीच्या मागच्या पानावर गोल काढून नावं लिहून ठेवायचे.

तिने हे सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या मनाचं केलं. तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, “मी डोंबिवलीहून येते, दादरला पत्रिका करते. कुणाला कागद, फॉइल, घडी, प्रेस याबद्दल काही लागलं तर मला विचारा.” आणि पिशवीतून एक पत्रिका काढून शेजारच्याच्या हातात दिली, बघून पुढे द्या म्हणून.

पत्रिका गोल फिरून तिच्याकडे परत यायला जेवणाची सुट्टी झाली. तोवर दोघांनी चौकटीचा फोटो काढला होता आणि एकीने बहिणीच्या लग्नासाठी दोनशे नगांचा भाव विचारला होता.